पाचर

सुरीला धार लावायला त्यांच्या घरी दोन माणसं लागत. ओट्यावर ओलं फडकं, त्यावर धारेचा दगड. एकाने तो सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी धरायचा, दुसऱ्याने सुरी ओढायची. हॅनोव्हरला संसार मांडल्यापासून विभावरी आणि अनिमेष यांची शनिवार सकाळची ही रीत होती. सुरी त्याच्याकडे, दगड तिच्याकडे. बोटं सांभाळ, असं तो दर वेळी म्हणायचा.

मग अनिमेषला दूर दक्षिण जर्मनीत, झिंडेलफिंगेनला नोकरी लागली. आधी तो दर शुक्रवारी यायचा, मग एक आड एक. यापुढे महिन्यातून एकदाच जमेल, असं त्याने परवा फोनवर जरा चाचरत सांगितलं. विभावरीने बरं म्हटलं. रोजचं सगळं तिला एकटीला जमत होतंच. फक्त सुऱ्या बोथट झाल्या होत्या. टोमॅटो कापायच्या आधीच फुटायचा.

दुकानांत दगडाच्या तयार बैठका मिळत होत्या, रबरी पायांच्या, स्क्रूने आवळायच्या. पण त्यांचा दगड झिजून एका टोकाला निमुळता झालेला, तो त्यांत नीट बसेना. प्रयोगशाळेत नमुने पक्के बसवण्यातच विभावरीचा दिवस जायचा. हेही तसलंच काम. घरदुरुस्तीच्या सामानाच्या बाऊमार्क्टमधून बीच लाकडाची फळी आणून तिने स्वतःच बैठक केली. एका टोकाला आडवी पट्टी, दुसऱ्या टोकाला खाच आणि खाचेत लाकडाची पाचर. पाणी लागलं की पाचर फुगते आणि दगड आणखी घट्ट बसतो. पाचर तासतेय म्हटल्यावर अनिमेषने फोनवर विचारलं होतं, आता कुणाच्या कामात मारणार आहेस?

तो आला. शनिवारी सकाळी त्याने बैठक उलटसुलट करून पाहिली, दगडाला अंगठ्याने रेटलं. दगड तसूभर हलला नाही.

"गेनाऊ, अगदी अचूक," तो खूश होऊन म्हणाला. "आता तुला माझी गरजच नाही."

तो हसला, म्हणून तीही हसली. तो आंघोळीला गेल्यावर मात्र ती ओट्यापाशीच उभी राहिली. काम इतकं चोख झालं होतं की त्यात दुसऱ्या माणसाला जागाच उरली नव्हती. तिने पाचर ठोकून बाहेर काढली आणि खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीमागे ठेवून दिली.

"अनिमेष," तो बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दगड हलतोय. जरा धर ना."

त्याने रिकाम्या खाचेकडे पाहिलं. "पाचर कुठे गेली?"

"असेल इथेच कुठेतरी."

तो ओट्याशी आला आणि त्याने दगड धरला. या वेळी सुरी तिच्या हातात होती. तिने सावकाश ओढली. पहिल्या सुरीला धार आल्यावर दुसरी घेतली, मग फळांची, जिला त्यांनी कधीच धार लावली नव्हती. बोटं सांभाळ, असं ती मधूनच म्हणाली.

रविवारी संध्याकाळी तो गेला. तिने बैठक पुसली, कुंडीमागे हात घातला. तिथे काहीच नव्हतं. कुंडी उचलून पाहिली, खिडकीखाली पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. अनिमेषचा गाडीतून मेसेज होता: "पाचर माझ्याकडे आहे. येत्या शुक्रवारी आणतो."

दुसरी पाचर तासायला तिला कितीसा वेळ लागला असता? बीचचा उरलेला तुकडा तिने खाली तळघरात, केलरमध्ये नेला आणि जुन्या खोक्यांच्या पार मागे सरकवून ठेवला.