शेवटच्या पानापासून

माझ्या साडूची बायपास झाली आणि त्याचं नशीब उजळलं. असं लिहू नये, पण मनात आलं ते हेच. विमा कंपनीने गंभीर आजाराच्या पॉलिसीची ठरलेली रक्कम महिन्याभरात एकदम दिली, आणि तेव्हापासून नात्यातला जो तो विम्याचं विचारायला त्याच्याकडे जाऊ लागला. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पण मला कधी कोणी काही विचारलं नाही.

माझी बायकोही त्याच्याकडेच गेली. तिच्या आईला कॅन्सर झाला होता. लवकर सापडला म्हणून त्या वाचल्या, पण हिच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. माझं वय पॉलिसीच्या मर्यादेपलीकडे गेलेलं, हिचं वय त्या मर्यादेला पोचायला दोनच महिने होते.

"भावोजी म्हणाले, डोळे मिटून माझीच घे," ती म्हणाली.

"डोळे मिटून कोणी सही करतं का?"

"त्यांना पैसे मिळाले की नाही?"

"हृदयाचे मिळाले. तुला भीती कशाची आहे?"

"तुम्हाला त्यांचं काही पटतं का कधी? आपल्या लग्नात त्यांनी घातलेला कोटही तुम्हाला पटला नव्हता."

कोट खरंच वाईट होता. पण त्यात तो माझ्यापेक्षा रुबाबदार दिसत होता, हेही खरं.

मी हट्टाने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी शोधून आणली. हप्ता कमी, आणि यादीत छत्तीस आजार. त्याच्या यादीत वीसच! हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा.

"बरं," ती म्हणाली. "पण दोन्ही नीट वाचा. तुमच्या पद्धतीने."

माझी पद्धत म्हणजे शेवटून वाचायचं. शेवटचं पान आधी, त्यातही शेवटची ओळ आधी. सरळ वाचलं की मजकूर आपल्याला ओढून नेतो आणि चूक निसटते. दुपारी जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. साडूच्या पॉलिसीत खोट निघावी म्हणून मी इतका आतुर होतो की माझी मलाच लाज वाटली. अकराव्या पानावर एक स्वल्पविराम जास्तीचा सापडला. बाकी काही नाही.

मग माझी घेतली. शेवटच्या पानावर आजारांच्या व्याख्या होत्या. कॅन्सर म्हणजे फक्त पसरलेला कॅन्सर. सुरुवातीच्या टप्प्यातला, एकाच जागी असलेला, वगळलेला. साडूच्या पॉलिसीत तसा सापडला तर रकमेचा चौथा भाग लगेच, उरलेलं संरक्षण पुढे चालू. पहिले नव्वद दिवस दोन्हींत काहीच मिळणार नव्हतं, ते सारखंच. आणि माझ्या छत्तीसातले निम्मे आजार असे, की त्यांची नावंसुद्धा मी चाळीस वर्षांत कधी तपासली नव्हती.

'दोन्ही सारख्याच आहेत' असं म्हणता आलं असतं. ती शेवटची पानं माझ्याशिवाय कोण वाचणार होतं?

ती चहा घेऊन आली. "काय निघालं?"

"त्यांच्यात एक स्वल्पविराम जास्त आहे."

"आणि?"

"आणि तुला आईंसारखा झाला, तर माझी पॉलिसी एक पैसा देणार नाही. त्यांची देईल."

ती खुर्चीत बसली. "मग फोन करून सांगा त्यांना."

"मी?"

"वाचलंय कोणी?"

फोनवर साडू खदखदून हसला. "साडूभाऊ, सगळी वाचलीत? अहो, मी सहीपुरतीच उघडली होती! एजंट शेजारी राहतो, त्याला नाही कसं म्हणणार?"

न वाचता! मी दुपारभर डोळे फोडले, आणि याने न वाचताच बरोबर निवडली.

फोन ठेवला तेव्हा ती फॉर्म भरत होती. घरच्यांच्या आजारांच्या प्रश्नाशी तिचं पेन थांबलं. "भावोजी म्हणाले होते, आईचं लिहू नकोस. हप्ता वाढतो."

"लिही. लपवलं तर क्लेमच्या वेळी कंपनी नेमकं तेवढंच बाहेर काढेल."

"नक्की?"

माझं कधी काही नक्की नसतं. मी पॉलिसी उघडली, ते कलम शोधलं आणि त्याखाली पट्टी धरली. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, आणि भावोजींना न विचारता आईचा आजार लिहिला.