गोणीतले फोटो

फौजदारसाहेब, आग लावणारे मोकळे फिरत होते आणि तुम्ही आमची फोटोंची पेटी उचलून नेली. ओळख पटवायची म्हणालात. कोणाची? ज्यांची घरं जळाली त्यांचीच?

नामांतराच्या दंगलीत घर पेटलं तेव्हा माझ्या बायकोनं, सुलाबाईनं भांडी सोडली, ज्वारी सोडली, तेवढी पेटी बाहेर ओढली. पुढच्या उन्हाळ्यात ती काविळीनं गेली. तिचा एकच फोटो होता, तो तुमच्या ताब्यात.

परत द्यायला तुम्ही वर्षं लावलीत. पेटी नाहीच; युरियाच्या गोणीत चार गावांचे फोटो कोंबलेले. मी ओसरीवर ढीग घालून बसलो. लग्नाचे एकीकडं, जयंतीचे एकीकडं, लेकरांचे वेगळे. कुण्या एका पोराचे पाळण्यापासून मिसरूड फुटेपर्यंत ओळीनं लावले. कुणाचं पोर, ठाऊक नाही. पण माझ्या घरात आता तेवढीच माणसं होती.

शेजारची चतुराबाई डोकावली. "भावजी, लोकाचे संसार मांडायलाव व्हय?"

"सुला सापडंना."

तिनं ढिगात हात घातला. "ही काय! डोळे फुटले का तुमचे?"

मी बघितलं. हो म्हणालो. खरं सांगतो, चेहरा मला नीट आठवतच नव्हता. गंगाखेडहून काच बसवून आणली, बाबासाहेबांच्या शेजारी खिळा ठोकला, हार घातला. रोज भाकरी खाताना तिच्याशी बोलायला लागलो.

अशाच गोण्या गावोगाव टाकल्या होत्या तुम्ही. लोक आपापली माणसं हुडकत हिंडायचे. तशी पालमकडची बायनाबाई आली आणि दारातच थबकली.

"दादा, आधी त्यो हार काढा. मी जिती हाय!"

चतुराबाई पदर तोंडात धरून हसली. बायनाबाईही हसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या फोटो," ती हळूच म्हणाली. "हार तेवढा नगं."

"न्या बाई. तुमच्याशी मी काय बोलू?"

चौकटीसकट तिच्या हातात दिला. निघताना विचारलं, "तुमच्या गावच्या गोणीत एक बाई दिसली का? हनुवटीवर गोंदण असलेली?"

"दादा, कोणत्या बाईच्या हनुवटीवर न्हाई?"

यापेक्षा जास्त खूण मला सांगता आली नाही.

खिळा अजून भिंतीत आहे. मी तिकडं पाठ करून जेवतो. साहेब, माझी सुलाबाई कोणत्या गावच्या गोणीत कोंबलीत? उत्तर द्या.