मीटरच्या पेटीवरचा डबा

आमच्या कुत्र्याचं नाव बांगडा. तेरा वर्षांपूर्वी हे त्याला गोराईहून पिशवीत घालून घेऊन आले, आणि पिशवीतून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत त्याने मी मीठ-मसाला लावून ठेवलेला बांगडा पळवला. मी लाटणं घेऊन मागे धावले, हे हसत बसले. ‘हे’ म्हणजे माझे यजमान, दशरथ. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका कंपनीच्या गेटवर, आणि रिटायर झाल्यापासून माझ्या डोक्यावर.

कुत्रा घरात नको, असं मी तेव्हा निक्षून सांगितलं होतं. माझं ऐकतंय कोण? पुढे त्याच कुत्र्यासाठी मी काय काय केलं ते आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि मग हसू येत नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पण डावा पाय ओढत चालायला लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाललात तर पाय राहील, बसलात तर जाईल. मी सांगून थकले. आमचा मुलगा निलेश मुलुंडहून येऊन सांगून गेला. हे ढिम्म. कांदिवलीचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे एक निमित्त मिळालं होतं. मग एका सकाळी बांगडा पट्टा तोंडात धरून ह्यांच्यासमोर उभा राहिला. हे त्याच्याकडे बघत राहिले आणि काठी घेऊन उठले. त्या दिवसापासून दोघं रोज दोन वेळा खाली. हे कठड्याच्या बाजूने, तो भिंतीच्या बाजूने. ह्यांना दम लागला की हे पायरीवर बसायचे, तोही बसायचा.

गेल्या थंडीत बांगड्याचे मागचे पाय लटपटायला लागले आणि मी घाबरले. खरं सांगते, ती भीती कुत्र्यासाठी नव्हती. त्याचे पाय गेले तर ह्यांचा पाय जाणार, हे मला सरळ दिसत होतं.

जनावरांच्या डॉक्टर प्रांजल म्हणून आहेत, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी सांध्यांसाठी एक पावडर लिहून दिली. नैसर्गिक आहे म्हणाल्या, त्रास होणार नाही. डब्यावर परदेशातल्या समुद्रातल्या शिंपल्यांचं चित्र होतं, काळे, कडेला हिरवे. मी म्हटलं, “डॉक्टर, हे तर आमचे शिनाणे. गावाला खडपावरून टोपलीभर काढायचो आम्ही.”

त्या हसल्या. “अगदी तेच नाहीत, पण भाऊबंद म्हणा. घरी केलंत तर मीठ-मसाला काही घालू नका. आणि काकू, जादू नाही हां ही. सहा-आठ आठवडे देऊन बघायचं. वय झालंय त्याचं.”

शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

गोराईची रेमेडिना आमच्या मार्केटात टोपली घेऊन बसते. तिच्याकडून मे महिन्यात शिनाणे आणले, उकडले, गर काढून गच्चीवर वाळवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वासाची तक्रार केली, तेव्हा त्यांच्या बाल्कनीतल्या कबुतरांचा विषय मी काढला आणि तक्रार मिटली. वाळलेला गर मिक्सरवर काढून एक स्टीलचा डबा भरला. पावसाळ्याची बेगमी आमच्याकडे सुक्या मासळीची असते, यंदा कुत्र्याच्या औषधाची झाली. रोज भातावर अर्धा चमचा. जुलैपर्यंत बांगडा दुसऱ्या मजल्यावर न थांबता वर यायला लागला. हे त्याच्या मागे बागेच्या गेटापर्यंत जाऊन येत. मला वाटलं, जिंकलं आपण.

माणसाला थोडं मिळालं की जास्तीची हाव सुटते. मी गावच्या रवळनाथाला नवस बोलले, ह्यांचा पाय पूर्ण सुधारू दे, यंदा श्रावण लागल्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत घरात मासळीचा वासही येऊ देणार नाही. आणि बोलल्यावर तो डबा आठवला.

गटारीच्या दिवशी बांगड्याला शेवटचा अर्धा चमचा दिला, डबा पिशवीत बांधला आणि बाहेर जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर ठेवून दिला. उंबऱ्याच्या बाहेर. तिथे ह्यांचा हात नुसता पोचतो, मला स्टूल लागतं.

“त्येका काय कळता श्रावण?” हे म्हणाले. “मी भायर जिन्यात देतंय ना. घरात नको.”

“नवस तुमच्या पायासाठी हा,” मी म्हटलं. “दीड महिन्यान काय बिघाडणा नाय.”

हे पट्टा उचलून बांगड्याला घेऊन खाली गेले. माझ्या आवाजापुढे सहसा बोलत नाहीत.

श्रावण कडक पाळला. मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा तेवढ्यात कुठे हरवला, त्यावरून मी कामवालीला, ह्यांना, सगळ्यांना फैलावर घेतलं. तिसऱ्या सोमवारी सकाळी ही जोडी खाली गेली आणि वर येताना बांगडा दुसऱ्या मजल्यावर बसला तो उठेना. ह्यांना त्याला उचलता येईना. मी आणि शेजारच्या कुंदाने चादरीत घालून वर आणला.

डॉक्टर प्रांजल घरी आल्या. त्याचे पाय दाबून बघितले, हिरड्या बघितल्या. मूत्रपिंडंही थकलीत म्हणाल्या. मग विचारलं, “पावडर चालू होती ना?”

मी पदर सारखा करायला लागले. हे खाली लादीकडे बघत म्हणाले, “होय. रोज.”

साठीतला माणूस, बायकोची लाज राखायला डॉक्टरांशी खोटं बोलला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तीन दिवसांनी बांगडा गेला. ह्यांच्या पायाशीच होता. निलेश गाडी घेऊन आला आणि त्याला घेऊन गेला. पट्टा मात्र ह्यांनी दिला नाही.

त्यानंतर हे खाली उतरले नाहीत. मी म्हटलं, चला, मी येते सोबत. “नको.” निलेशने व्यायाम शिकवायला बाई लावली, तिला ह्यांनी दोन दिवसांत परत पाठवलं. गणपती आले, गेले. हे खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. धोतर बदलताना डावी पोटरी दिसायची, उजवीच्या निम्मी झालेली. ज्या पायासाठी नवस बोलले तो पाय माझ्याच नवसाने घालवला, हे मी रोज बघत होते. मी त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. ते माझ्या डोळ्याला देत नव्हते, आणि मला वाटायचं, बरोबरच आहे, कशाला बघतील माझं तोंड.

चतुर्दशी होऊन गेली तरी मीटरच्या पेटीवरचा तो डबा काढायला माझा हात होईना. शेवटी ऑक्टोबरात म्हटलं, कुणाच्या तरी म्हाताऱ्या कुत्र्याला द्यावा. स्टूल घेऊन चढले. पिशवी हातात घेतली तर हलकी. आत काहीतरी खुळखुळलं. उघडला. डबा रिकामा, तळाला पुसून काढल्यासारखा, आणि त्यात माझा मसाल्याचा चमचा.

मी स्टुलावरून उतरले. मग आत गेले आणि डबा ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

“तुझो नवस मी मोडलंय,” ते म्हणाले. “पयल्या दिसापासून. रोज अर्धो चमचो, दुसऱ्या माळ्यार बसान. तुका सांगूक धीर झालो नाय.” आणि थांबून म्हणाले, “म्हणान तो गेलो. माझो पायपण म्हणानच जाता. माझीच करणी ही.”

सात आठवडे. सात आठवडे हा माणूस खुर्चीत शिक्षा भोगत बसला होता, आणि मी स्वयंपाकघरात.

“माका वाटला, तुमी माझ्यासाठी डॉक्टरांकडे खोटा बोललात,” मी म्हटलं. “माका वाटला, मी दिलंय नाय म्हणान तो गेलो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी बघितलं. मग अगदी लहान आवाजात विचारलं, “म्हणजे खावन पण गेलो तो?”

“होय.”

“मग कशान गेलो?”

“म्हातारो झालेलो,” मी म्हटलं, आणि तेव्हा मला रडू फुटलं. तो गेला त्या दिवशी रडले नव्हते, कारण मारणारीला रडायचा हक्क नसतो असं मी धरून चालले होते. आता त्याला कुणीच मारलं नव्हतं. तो नुसताच गेला होता आणि आम्हाला त्याच्यासाठी धड रडताही आलं नव्हतं. हेही रडले, तोंड पंच्यात घालून, आवाज न करता.

संध्याकाळी मी काठी आणून दिली. नाही म्हणाले नाहीत. मी काखेत हात घातला, ते उठले. उजवा पाय टाकला, डावा टेकवला, पण डाव्याने वजन घेतलंच नाही. तो नुसता लोंबत होता. सात आठवडे आम्ही दोघं गप्प राहिलो, पण पाय काही थांबला नव्हता. दार गाठायला पाव तास लागला. खाली उतरणं शक्यच नव्हतं, त्यांनाही कळलं, मलाही.

मी त्यांना पहिल्या पायरीवर बसवलं. ते कठड्याला टेकून बसले आणि हाताने चाचपत डावा पाय जवळ ओढून घेतला, भिंतीकडची जागा मोकळी राहील असा. मी तिथे बसले नाही. एक पायरी खाली बसले.