तिसऱ्या ओळीतला माणूस

मी एक जुना बुचाचा फलक आहे, मित्रांनो. अंगभर टाचण्यांची भोकं, एक कोपरा तुटलेला. नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावात एका घरात खिडकीशेजारी टांगलेला असतो आणि स्वभावाने पहिल्यापासूनच घाबरट आहे.

पोर्तुगालमधल्या झाडाच्या सालीपासून माझा जन्म झाला. पुढे इथल्या एका शाळेत मुलांची चित्रं मी अंगावर मिरवली. तेव्हा माझं कोण कौतुक! मग शाळेत मोठाले स्क्रीन आले आणि माझी रवानगी जुन्या वस्तूंच्या दुकानात झाली. तिथे धूळ खात पडलो होतो. नीलांबरीने मला उचललं, सायकलला बांधलं आणि समोरच्या वाऱ्याशी भांडत घरी आणलं.

नवऱ्याच्या नोकरीपायी ती या देशात आली. कित्येक वर्षं घरीच होती. त्या काळात चिनी भाषा शिकली आणि आता हेगच्या एका संस्थेत चीनच्या राजकारणाचा अभ्यास करते. नोकरी मात्र तात्पुरती. माझ्यावर तिने चिनी नेत्यांचे फोटो लावले. सगळ्यात वर सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थायी समितीतले सात जण, त्याखाली पॉलिटब्यूरो या पक्षाच्या वरिष्ठ मंडळातले बाकीचे, तिसऱ्या ओळीत प्रांतांचे पक्षसचिव. "तिथे गव्हर्नरपेक्षा पक्षसचिव मोठा," असं ती नवऱ्याला, देवदत्तला, समजावायची. आतलं कोणी उघड बोलत नाही, म्हणून सभेत कोण कुठे बसलं, कोणाचं नाव कोणाच्या आधी आलं, यावरून अंदाज बांधायचा. एकदा तिने एक फोटो उतरवला आणि थोड्याच दिवसांत त्या माणसाचं पद खरंच गेलं. संस्थेत तिची वाहवा झाली.

या वसंतात तिसऱ्या ओळीतला एक सचिव दिसेनासा झाला. बैठकीत नाही, बातमीत नाही. आजारी आहे, की चौकशीत अडकलाय? इथली सरकारी मंडळी संस्थेच्या अहवालाची वाट बघत होती आणि संस्थेच्या संचालकबाईंना ठाम उत्तर हवं होतं. नीलांबरीला कायम करायचं की नाही, हेही त्याच आठवड्यात ठरणार होतं.

"त्याचं पद गेलं म्हणून लिहून टाक," देवदत्त म्हणाला. "मागच्या वेळी बरोबरच निघालं की."

"मागच्या वेळी त्याच्या हाताखालचे एकेक करून पकडले गेले होते रे. या वेळी माझ्या हातात काहीच नाही."

ती माझ्यासमोर आली. टाचणी अर्धी उपटली आणि थांबली. शेवटी तिने टाचणी पुन्हा आत दाबली आणि लॅपटॉप उघडून संचालकबाईंना कॉल लावला.

"तो दिसत नाही, एवढंच मी सांगू शकते," ती संचालकबाईंना म्हणाली. "का, ते मला माहीत नाही."

"लोक आपल्याकडे उत्तरासाठी येतात, नीलांबरी."

"आपण अंदाज छापला की तेच लोक तो बातमी म्हणून वाचतात."



तिला कायम केलं नाही. सहा महिने वाढवून दिले. जेवणानंतर ताटं उचलताना देवदत्त एवढंच म्हणाला, "सहा तर सहा. बघू पुढचं पुढे."

मित्रांनो, तो माणूस अजून दिसलेला नाही. रोज सकाळी नीलांबरी चिनी बातम्या उघडते आणि मी धास्तावतो. माझ्यासारख्यांना जपा, टाचणी हळू उपटा, हे तर सांगायचंच आहे. पण कोणाचा फोटो उतरवण्याआधी जरा थांबतही जा. त्याच्या घरी कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलं असेल, आणि तो कुठे आहे हे त्यांनाही कोणी सांगितलं नसेल.