गाढवाने टाळलेली जागा

“बुजवून टाक,” एर्सिलियाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. काय सापडलं हे त्यांनी विचारलंही नव्हतं. लगतच्या जुन्या तबेल्यात नाझारेनो मिस्त्रींची पहार मध्येच थांबली होती, तेवढं त्यांना पुरलं.

आमच्या पोज्जाल्तोत पहार अशी थांबली की समजायचं, जमिनीखालून आणखी एक पूर्वज निघाला. निघालेला पूर्वज सरकारला कळवावा असा कायदा आहे. कळवला की शहरातून पुरातत्त्ववाले येतात, लाल-पांढरी फीत बांधतात आणि जेवायला जातात. पाववाल्या बार्बेरीच्या तळघरातली फीत यंदा एकोणीस वर्षांची झाली. म्हणून आम्ही सरकारला कळवत नाही, मिस्त्रींना बोलावतो. चाळीस वर्षांत त्यांनी सात घरांखालचे सात बोगदे विटांनी बंद केले, आणि सातही घरांना गप्प राहण्याचा शब्द दिला. गावाचा अख्खा इतिहास ठाऊक असलेला हा एकमेव माणूस, आणि तो बुजवणाराही हाच.

“बाई, जरा इकडे येऊन बघा तरी.”

“मला संडास हवाय, नाझारे. भोक नकोय.”

म्हणणं रास्त होतं. बाईंचं वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, आणि घरातला एकुलता एक संडास दोन जिने वर. नाताळपर्यंत खाली सोय झाली नाही तर आईला तोरिनो शहरात नेणार, असं मुलाने बजावलं होतं. तिथे त्याचं घर आठव्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती. बाकी काही नव्हतं.

तरी त्या काठी टेकत आल्या.

गव्हाणीपाशी, उखडलेल्या फरशीखाली, दगडात कोरलेली चौकोनी विहीर होती. जेमतेम एक माणूस मावेल एवढी. दोन्ही बाजूंना पाय रोवायच्या खोबणी समोरासमोर अंधारात उतरत गेल्या होत्या, आणि प्रत्येक खोबणीची कड पावलांनी झिजून गुळगुळीत झाली होती.

मिस्त्रींनी ओळंबा सोडला. सगळी दोरी सुटली तरी तळ लागला नाही, आणि दोरी भिंतीला कुठे टेकलीही नाही. मिस्त्रींनी टोपी काढली. चाळीस वर्षांत त्यांची एकही भिंत इतकी सरळ आली नव्हती.

“सातही बोगद्यांना उतार आहे,” ते हळूच म्हणाले. “तो कुठे जातो ते मला कधी कळलं नव्हतं. सगळे इथे येतात, बाई. या डोंगरावर झरा नाही. कुणीतरी आधी हे खोदलं, मग भोवती गाव बसलं. चर्चच्या आधी, किल्ल्याच्या आधी.”

“किती आधी?”

“रोमच्याही आधी असेल.”

“हळू बोल. रोमवाल्यांना राग येईल.”

मिस्त्रींनी खडा टाकला. बाईंनी छातीवर क्रूस काढला. तो काढून झाला तरी आवाज नाही. मग खूप खालून पाण्याने उत्तर दिलं.

बाईंची नजर गव्हाणीकडे गेली.

“आमचं गाढव इथे पाय ठेवत नसे,” बाई म्हणाल्या. “बाबा त्याला फार मारायचे. गव्हाण इथे, अन् हा मेला तिकडे मान लांब करून खायचा.”

“कळवू या का?” मिस्त्रींनी विचारलं. असं त्यांनी आजवर एकाही घरात विचारलं नव्हतं. “फक्त ही एक. रविवारी तो प्रोफेसर येतोय गावाच्या इतिहासावर बोलायला. त्या शेजारगावच्या वाल्सेर्नावाल्यांनी वेशीवर अडीच हजार वर्षांची पाटी लावलीये. आपण काय कालचे आहोत?”

“आणि मी ती पाटी आठव्या मजल्यावरून वाचू? मी याच घरात जन्मले, नाझारे.”

मिस्त्रींनी टोपी घातली. “झाकतो.”

“आणि ऐक. नळ पलीकडच्या भिंतीने ने. त्या पाण्यात माझं काही जाता कामा नये.”

रविवारी प्रोफेसरांनी पडद्यावर चित्रं दाखवत सिद्ध केलं की १२१७ पूर्वी या डोंगरावर वस्तीचा कोणताही पुरावा नाही. सभागृहात बसलेली निदान आठ घराणी आपापले बूट बघू लागली. टाळी पहिल्यांदा मिस्त्रींनी वाजवली.

नाताळात मुलगा आला. संडास पाहून त्याने तोरिनोचा विषय काढला नाही. फक्त म्हणाला, “आई, मिस्त्री म्हातारा झाला गं. गव्हाणीजवळची एक फरशी चक्क नुसती ठेवलीये, सिमेंटच नाही. हलते.”

“हलू दे.”

ही बातमी बारमध्ये पोचायला एक कॉफी पुरली. “काय मिस्त्री, तुमची फरशी नाचते म्हणे!” ज्यांच्या हातच्या फरशीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं ते मिस्त्री कपात बघत म्हणाले, “वय झालं.”

एर्सिलियाबाई अजून तिथेच राहतात. दारापासून संडासापर्यंत सरळ गेलं तर चार पावलं होतात. गुडघे दुखत असले तरी त्या सहा टाकतात.