शिंपीबाबांच्या हवेचा काटा

मित्रांनो, मी आहे एक म्हातारा काटा. घड्याळातला नव्हे, हवेचा. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसे समुद्रात उतरतात ना, त्या टाकीला मी एका नळीने जोडलेला असतो. टाकी भरलेली असली की मी दोनशेवर उभा राहतो. माणूस जसजसा श्वास घेतो तसतसा मी खाली येतो. पन्नासच्या खाली माझी तबकडी लाल रंगवलेली आहे. तिथवर येईपर्यंत माणसाने वरच्या वाटेला लागलेले असावे, एवढीच माझी अपेक्षा असते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एका बाईंनी मला दाबाच्या यंत्रावर कितीतरी वेळा चढवले आणि उतरवले. शेवटी माझ्या काचेवर नखाने टकटक करून त्या म्हणाल्या, "हा खोटं बोलायचा नाही." तेव्हा माझी पितळी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू!

तिथून मी आलो बंदराजवळच्या एका छोट्या शाळेत. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा, हे तिथे शिकवत. शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'ताई' म्हणत. ताई कडक होत्या. प्रत्येक नव्या वर्गाला त्या पहिल्याच दिवशी सांगत, "जेवढं शिकलात तेवढंच खोल जायचं. आणि जीव घाबरला, तर तेवढंही नाही."

शाळेच्या मागच्या खोलीत ताईंचे वडील शिवणाचे यंत्र घेऊन बसत. खडकांवर घासून फाटलेले रबरी पोशाख ते असे सांधत, की टाका शोधूनही सापडत नसे. सगळे त्यांना शिंपीबाबा म्हणत. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या मनात आले, की ज्यांच्यासाठी एवढे शिवतो ते पाण्यात पाहतात तरी काय, ते आपणही बघावे. पाण्याखाली डोळ्यांवरचा मुखवटा काढून परत लावायला त्यांना पाच दिवस लागले. पण जमले. अठरा मीटरपर्यंत जाण्याचा दाखला त्यांना मिळाला, तेव्हा ताईंनी तो चौकट करून भिंतीवर लावला. माझे आकडे चष्म्याशिवाय दिसत, म्हणून बाबा दरवेळी मलाच मागून घेत. ती वर्षे माझी सुखाची होती.

मग तो दिवस उजाडला.

किनाऱ्यापासून दूर एक जहाज बुडालेले होते. त्याचा डेक अठ्ठावीस मीटर खोल होता. ते बघायला दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची पत्नी आली होती. दोघेही तेवढ्या खोलीचे शिक्षण घेतलेले. पण बोटीत बसल्यावर पत्नी म्हणाली, "माझा कान दुखतोय. मी नाही उतरत." आणि ती शांतपणे टॉवेल पांघरून बसली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. पाण्यात कुणी जोडीदाराशिवाय उतरायचे नाही, हा नियम. ताई पुढे राहून वाट दाखवणार, मग डॉक्टरांच्या जोडीला कोण? ताईंची नजर बाबांवर गेली. ते बोटीवर नुसते मदतीला आले होते.

"बाबा, एवढा एक फेरा याल का? मी आहेच ना समोर. दहा मीटरचा तर फरक."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी दोनशेवर होतो. पुन्हा पाहिले. तरी दोनशेच. तिसऱ्यांदा पाहिले, तेव्हा मला कळले की त्यांना काटा पाहायचा नाही, त्यांना लेकीची नजर टाळायची आहे.

"येतो की," ते हसून म्हणाले. "पोशाखाचे टाके माझेच आहेत, उसवायचे नाहीत."

आम्ही दोरीला धरून उतरलो. खोली मोजणारी माझी मैत्रीण बाबांच्या मनगटावर होती. तिने अठरा दाखवले, तेव्हा बाबांची मूठ दोरीवर आवळली. क्षणभर थांबली. मग सुटली. त्यानंतर उजेड हिरवट झाला, मग राखाडी. पाणी एकाएकी गार झाले. बाबांचा श्वास भराभर चालू लागला आणि मी भराभर घसरू लागलो. एकशे साठ. एकशे तीस. जेवढे खोल तेवढी हवा जास्त लागते, हे ते शिकले होते. पण पाठीवरच्या टाकीला कुणी भोक पाडल्यासारखी ती संपते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

खालून जहाज वर आल्यासारखे दिसले. काळे, कलंडलेले. ताई त्याच्या टोकाकडे वळल्या. तेवढ्यात डॉक्टरांना डेकवर एक उघडे दार दिसले आणि काय वाटले कोण जाणे, ते त्यातून आत शिरले. आत जायचे ठरलेले नव्हते. जोडीदाराने जोडीदाराच्या मागे जायचे, म्हणून बाबाही दारापर्यंत आले.

आत अंधार होता. मी शंभरावर आलो होतो. बाबांचा एक हात दाराच्या लोखंडाला, दुसरा हवेत. त्यांच्या छातीची धडधड नळीतून माझ्यापर्यंत येत होती. आत जावे तर अंधाराची भीती, न जावे तर सोबतीचा माणूस एकटा. मित्रांनो, मी थरथरत होतो, की हे आता भिडेखातर पाऊल टाकणार!

बाबांनी पाऊल टाकले नाही. ते दारातच थांबले.

आणि त्याच क्षणी आतून गाळाचा लोट आला. डॉक्टरांच्या पायांनी तळाचा गाळ उडाला होता. आता त्यांना स्वतःचा हातही दिसत नसणार, दार तर दूरच. बाबांनी मला मुठीत धरले आणि दाराच्या लोखंडावर आपटले. ठण्. पुन्हा ठण्. माझ्या काचेला तडा गेला. तरी ते आपटत राहिले. मी ऐंशीवर, मग पंचाहत्तरवर.

गाळातून एक हात आला. चाचपडत, आवाजाकडे. बाबांनी तो मनगटापाशी पकडला आणि ओढला.

आवाज ऐकून ताई परतल्या. त्यांनी आधी मला पाहिले, मग बाबांचे डोळे. लगेच अंगठा वर केला, म्हणजे 'वर चला'. पंधरा मीटरवर मी पन्नास झालो. पाच मीटरवर तीस. खोलातून येताना शरीराला सावरायला तिथे तीन मिनिटे थांबायचे असते, आणि तीच तीन मिनिटे सगळ्यांत वाईट होती. वर लखलखीत उजेड होता, बोटीचे पोट दिसत होते आणि बाबांचे पाय त्या दिशेने झटके देत होते. ताईंनी आपल्या टाकीची जादा नळी त्यांच्या तोंडात दिली, छातीचा पट्टा घट्ट धरला आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिल्या. बाबांनी एकेक श्वास मोजून घेतला.

बोटीवर डॉक्टर बाबांचा हात सोडत नव्हते. डॉक्टरांची पत्नी आतापर्यंत पांघरलेला टॉवेल नवऱ्याच्या खांद्यांवर टाकून रडत होती.

"बाबा," ताई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"तू विचारलंस. एवढ्या विश्वासाने विचारलंस, मग नाही म्हणवेना."

ताईंनी तोंड फिरवले. "मीच विचारायला नको होतं. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं का मी? तुम्ही घरचे, म्हणून विचारलं."

त्या हंगामात पुन्हा जहाजाकडे बोट गेली नाही. बाबांनी पाच महिने पाण्याला पाय लावला नाही. मग एक दिवस ते दहा मीटरवर उतरले, नव्या काट्यासह, आणि अर्धा तास एका खडकापाशी रमून वर आले. मी कपाटातल्या एका खोक्यात पडून होतो. अंगावरचे मीठ कुणी गोड्या पाण्याने धुतले नाही, म्हणून माझा काटा गंजून अडकला. याचे मला थोडे वाईट वाटते. वापरून झाल्यावर आम्हाला धुवा, पुसा, एवढे कराल ना?

आता ताई मला वर्गात टेबलावर ठेवतात आणि तडा दाखवून ही हकीकत सांगतात, स्वतःची चूक न लपवता. परवाच एक शिकणारी मुलगी बोटीवर जायच्या आधी हळूच म्हणाली, "ताई, आज मला नको वाटतंय." ताईंनी का म्हणून विचारले नाही. "बरं," म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावरचे पट्टे आपल्या हातांनी सोडले.

मित्रांनो, हवा मोजणारे, खोली मोजणारे, सगळे काटे माणसांनी बनवले. भीती मोजणारा काटा अजून कुणी बनवलेला नाही. ती सांगावी लागते. ती पाण्यात उतरण्याआधी सांगा, वर उजेडात असतानाच सांगा, आणि कुणी तुम्हाला सांगितली तर हसू नका.