अर्धा परिचय

शनिवारी सकाळी मोहन नेर्लेकर कॉव्हेंट्रीतल्या आपल्या स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते आणि स्वारी भलतीच खुशीत होती. विद्यापीठातल्या विद्यार्थी-नेत्यांचा गौरव करणाऱ्या ऑनर सोसायटीत लेकीची, तनिषाची, निवड झाली होती. सोहळ्याचं जेवण मराठी मंडळ देणार होतं आणि अध्यक्ष श्रीकांतराव तिचा परिचय स्वतः वाचणार होते.

तनिषानं परिचयाचा मजकूर दाखवला. जातीवरून त्रास होणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिनं मदतगट उभारला होता. शेवटी लिहिलं होतं, 'माझे आई-बाबाही जात लपवून जगतात.'

मोहनरावांचा हात थांबला. वडिलांनी गावाच्या नावावरून आडनाव घेतलं, तेव्हापासून सगळं घर त्या आडोशाला राहत होतं. मंडळात कुणी 'तुम्ही मूळचे कोण?' विचारलं, की मोहनराव हसून क्रिकेटवर यायचे.

"बाळा, शेवटचं काढ. गटाचंही नको."

"बाबा, सीरियसली? मग मला ऑनर कशासाठी देतायत?"

"आईच्या सगळ्या मैत्रिणी मंडळातल्या आहेत गं."

तनिषानं आईकडे पाहिलं. वैजयंतीबाई मान खाली घालून साडीला इस्त्री करत होत्या.

"ओके. मी तो पार्ट काढते," तनिषा म्हणाली. "पण मला हे राइट नाही वाटत."

संध्याकाळी सोहळ्यात जेवणाआधी श्रीकांतरावांनी 'विविध सामाजिक उपक्रम' एवढंच वाचलं. मग त्यांना चेव आला. "इथे आरक्षण-बिरक्षण नाही, म्हणून आपली मुलं पुढे येतात. शेवटी रक्तातच असावं लागतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीनं मोहनरावांनीही टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावरून तनिषा त्यांच्या हातांकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. ते उठले.

"श्रीकांतराव, परिचय अर्धाच झाला. उरलेला मीच कापायला लावला." लेकीचं काम त्यांनी सगळं सांगितलं. "आणि रक्ताचं म्हणाल, तर आम्ही महार. माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. हे रक्त त्यांचं."

टाळ्या वाजवल्या त्या फक्त इंग्रज प्राध्यापकांनी. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

नंतर श्रीकांतरावांनी हात मिळवला. "आम्ही असलं काही मानत नाही हो!" त्यांच्या पत्नी वैभवीताईंनी मात्र वैजयंतीबाईंना हळूच बाजूला घेतलं. "यंदा गणपतीच्या नैवेद्याची दगदग तुम्ही नका हं करू. बाहेरून मागवू."

दरवर्षी मोदक वैजयंतीबाईंच्याच हातचे असत. इतकी वर्षं गप्प राहिलेली ती बाई त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"नको तर नको. पण दगदग म्हणू नका, वैभवीताई. खरं कारण सांगा."

वैभवीताई ताटं उचलायला लागल्या. आजूबाजूच्या बायकाही लागल्या.

वाचकहो, हे विलायतेत घडलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. वैजयंतीबाई अजून उत्तराची वाट बघत उभ्या आहेत, आणि ताटं आपल्याही हातात आहेत.